राहू देत तुझे पैसे

दर वर्षी जानेवारी उजाडला, की आपल्याकडच्या कितीतरी घरांमध्ये बाबा अचानक घरमालक होतात. ऑफिसातून एचआरचा मेल येतो, गुंतवणुकीचे आणि भाड्याचे पुरावे अमुक तारखेच्या आत जमा करा. मग मुलगा किंवा मुलगी भाडेपावत्या छापून आणते, जेवणाच्या टेबलावर ठेवते, आणि बाबा चष्मा लावून एकेका पावतीवर सही करतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो, तोही बाबांचाच. जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांचा यात कर वाचतो. भाडं खरोखर दिलेलं असेल आणि बाबांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवलं असेल, तर त्यात बेकायदा काही नाही. आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडं देता येतं, हे आयकर खात्याला मान्य आहे.

गंमत अशी, की खात्याला जे सहज पटतं ते घराला पटत नाही. त्याच टेबलावर, त्याच बाबांना ‘या महिन्यापासून मी घरात अमुक रुपये देणार’ असं सांगून बघा. आधी सगळे ऐकलंच नाही असं दाखवतात. आई विचारलं नसताना भाजी वाढते. मग कुणीतरी म्हणतं, ‘घर म्हणजे काय लॉज आहे का?’ आणि विषय संपतो.

‘आपल्यात नाही बाई असं करत,’ हे वाक्यही हमखास येतं. परदेशात म्हणे पोटच्या पोराकडून आईबाप भाडं घेतात, आणि त्यावर एक सुस्कारा. पण आपल्यात तरी हे कधीपासून नाही? माझ्या आजोबांच्या पिढीत पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायची रीत होती. आई ते देवापुढे ठेवायची, आणि त्यातून लेकाला परत मिळायचे ते बसचे आणि चहाचे पैसे. दोन पोरांचा बाप झालेल्या लेकालाही. कोकणातली कितीतरी घरं मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर चालली. पोस्टमन यायचा त्या दिवशी वाण्याची उधारी फिटायची. कमावत्या मुलाने घरात पैसे द्यावेत का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर लोकांना प्रश्नच कळला नसता. कमाई घराचीच होती, मुलगा ती फक्त आणून द्यायचा.

आजही अनेक घरांत हेच चालतं. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की किराणा भरला जातो. त्या घरांना हा लेख वाचायची गरज नाही. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या घरांत: स्वतःचा फ्लॅट, फिटलेलं कर्ज, वडिलांची पेन्शन आणि कमावती मुलं. इथे पैशांवाचून काही अडत नाही. ‘आपल्यात घेत नाहीत’ ही परंपरा वगैरे नव्हे, सुस्थितीत आलेल्या एक-दोन पिढ्यांची ती सवय आहे. म्हणून प्रश्न नीट मांडायचा तर असा मांडावा लागेल: गरज नसताना द्यावेत का? आणि गरज नसताना घ्यावेत का? दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. मला तोच जास्त अवघड वाटतो.

मी कुठून बोलते आहे ते आधीच सांगून टाकते. बदलापूरला आमचं दोन बेडरूमचं घर आहे. बाबा निवृत्त, आई घर सांभाळते, दादा आणि मी नोकरी करतो, दोघंही अविवाहित. दादा नोकरीला लागला त्या महिन्यापासून सोसायटीचा मेंटेनन्स आणि विजेचं बिल भरतो. बैठक घेऊन कुणी ठरवलं नव्हतं. बाबा एकदा म्हणाले, ‘आता एवढं तू बघ,’ आणि तो बघायला लागला. घरात त्याला ‘हातभार’ म्हणतात. मी पुण्यात अडीच वर्षं काढून घरी परत आले, दोन महिने गेल्यावर म्हणाले, बाबा, मी दर महिन्याला बारा हजार देत जाईन. बाबा म्हणाले, ‘राहू देत तुझे पैसे. लग्नात उपयोगी पडतील.’ अगदी मायेने म्हणाले. आवाजात अभिमानच होता.

आता ते लॉजचं वाक्य. त्यात दोन गोष्टी आहेत. पैसे आले की माया जाते, ही एक भीती. आणि घरात जे मिळतं त्याची किंमत करता येत नाही, हा एक दावा.

भीती मला फारशी पटत नाही. गिरणगावात साताऱ्याहून, कोल्हापूरहून, कोकणातून आलेले हजारो पुरुष बायकापोरांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांची जेवणं चाळीतल्याच बायका करायच्या. महिन्याचे पैसे ठरलेले, हिशेब पगाराच्या दिवशी. ही खाणावळ. सरळ सरळ व्यवहार होता, आणि तरी संप लांबला म्हणून दुसऱ्या दिवशी ताट बंद व्हायचं नाही. वाण्याकडून उधार आणि सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून खाणावळवाली चूल चालू ठेवायची. या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेपुढे मांडता येण्याजोगं त्यांच्या हातात काहीतरी होतं: इतकी माणसं जेवायला, महिन्याला इतके पैसे. पैसे घेऊन वाढलेल्या त्या ताटात माया नव्हती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि दावा? घरात तोच स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कामाला आकडाच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात असं आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास. त्या पाच तासांची ‘किंमत करता येत नाही’ असं म्हणताना आपण आईचा गौरव करतोय असं आपल्याला वाटतं, पण त्या वाक्याने सोय होते ती जेवणाऱ्यांची.

मग जेवणाराहण्याचे पैसे देऊन टाकावेत का? पुण्यात मी पहिले सहा महिने पेइंग गेस्ट होते. एक तारखेला काकूंच्या खात्यात पैसे गेले की मी मोकळी. डबा वेळेवर आला नाही तर कुरकुर करायचा मला हक्क होता आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायचं बंधन नव्हतं. (करायचे, पण ते माझ्या मर्जीने.) व्यवहार म्हणून ते उत्तम होतं. घरात मात्र नेमकी ही मोकळीक घातक ठरते. आमच्याकडे वीजबिल भरणारा माणूस पंखा चालू ठेवून बाहेर पडला तर त्याला कुणी बोलत नाही. आईने दादाला एकदा भांडी विसळायला सांगितली, तर बाबाच म्हणाले, ‘अगं, तो घरात पैसे देतो, त्याला कशाला?’ दादाला पैसे देऊन रजा मिळाली, आणि त्या रजेचं काम पडलं आईच्या अंगावर. तिच्या २९९ मिनिटांत त्याच्या पैशाने एक मिनिट कमी झालं नाही. घरात दिलेले पैसे जेवणाचं बिल झाले, की असंच होणार. म्हणून मी भाड्याच्या किंवा खाणावळीच्या हिशेबाने पैसे देण्याच्या विरुद्ध आहे. कारण फक्त माझं लॉजवाल्यांपेक्षा वेगळं आहे.

पैसे द्यावेत असं म्हणणाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद आहे, तो मला लॉजपेक्षाही जास्त खटकतो. आईवडिलांनी तुला वाढवलं, फी भरली, क्लास लावले, आता फेड. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला याची एखादी रडवणारी आवृत्ती फिरत असते. ऋण हा शब्द जुन्या ग्रंथांतून उचललेला आहे, पण तिथे काय म्हटलंय ते कुणी बघत नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं सांगितलंय, आणि पितरांचं ऋण फिटतं ते प्रजेने, म्हणजे पुढची पिढी जन्माला घालून. मागे परत देऊन नव्हे. मूल नको असलेल्यांसाठी ही काही फार सोयीची व्यवस्था नाही, मला स्वतःलाही नाही. पण जे मिळालं ते पुढे द्यायचं, ही कल्पना मासिक हप्त्यापेक्षा शहाणपणाची आहे.

फी कुणी भरली यावरून पगार कुणाचा ते ठरवण्याचा प्रयत्न आपल्याकडे खरोखर झालेला आहे, आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. एकत्र कुटुंबाच्या पैशांतून विलायतेला जाऊन आयसीएस झालेल्या एका माणसाची कमाई त्याची एकट्याची की एकत्र कुटुंबाची, असा तो वाद होता. १९२१ मध्ये निकाल लागला: कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेतलं असेल, तर त्या शिक्षणातून आलेली कमाईही कुटुंबाची. नव्याने शिकलेल्या वकील-डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकावी असा हा निकाल. उद्या कुणी चुलतभाऊ येऊन पगारात वाटा मागू शकला असता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणलं आणि १९३० मध्ये हिंदू विद्याधनाचा कायदा झाला: शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केलेला असला, तरी विद्येच्या बळावर मिळवलेलं धन ज्याचं त्याचं. त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच मुलगे होते. मुलीच्या पगाराचा वाद कोर्टात जाईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

मला हा कायदा आवडतो. मुलं वाढवणं म्हणजे कर्ज देणं नाही, हे त्यातून निदान पगारापुरतं तरी स्पष्ट झालं. कर्ज म्हटलं की मुद्दल किती आणि फिटणार कधी, हे सांगावं लागतं, आणि आईवडिलांच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येत नाही. जे कर्ज कधीच फिटत नाही त्याच्या जोरावर माणसाला जन्मभर वाकवता येतं. प्रत्येक चाळीत अशी एक ताई असायची, घर तिच्या पगारावर चालायचं म्हणून जिचं लग्न ‘बघू, बघू’ करत राहून गेलं. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त आठवण करून देत राहिले.

पण पगार माझा आहे एवढं सांगून कायदा थांबतो. माझ्या पैशांचं मी काय करणं बरोबर, हे त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही.

पेइंग गेस्ट सोडून मी कोथरूडला चौघींच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे कांद्याचे चाळीस रुपयेसुद्धा स्प्लिटवाईजवर पडायचे. बाहेरून बघणाऱ्याला हा कोरडेपणा वाटेल, पण त्या घराचं मला सगळं माहीत होतं. गॅस किती दिवस पुरतो, कामाच्या मावशींना दिवाळीला काय द्यायचं, घरमालक डिपॉझिटवरून कसा टाळाटाळ करतो. पैसे भरत होते म्हणून विचारत होते, विचारत होते म्हणून कळत होतं. आणि माझ्या मैत्रिणी एकदा एसी घ्यायचं ठरवून बसल्या तेव्हा मी नको म्हटलं, तर तो आला नाही. मग मी बदलापूरला आले आणि सिलिंडर आपोआप बदलला जायला लागला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हे माझ्या ओळखीतल्या अनेकांचं झालं. सांगली, नाशिक, अकोला, पूर्ण पगार घेऊन सगळे आपापल्या घरी. हाताखाली दहा माणसं असलेल्या तिशीतल्या लोकांना ‘रात्री एवढा उशीर कुणाशी बोलत होतास’ असं विचारलं जायचं, आणि ते आमच्या ग्रुपवर येऊन वैतागायचे. त्यांचा वैताग खरा होता. पण त्यांतल्या एकालाही घराची पट्टी कधी भरतात ते ठाऊक नव्हतं. लहान मुलासारखं राहायचं आणि मोठ्या माणसासारखं वागवून घ्यायचं, हे दोन्ही एका घरात जमणं कठीण आहे. (पैसे दिले तरी आया विचारतातच, हेही खरं. मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही.)

बारा हजारांचा आकडा काढण्याआधी मी आईकडे तिची हिशेबाची वही मागितली. ती लांब, पुठ्ठ्याची वही मी लहानपणापासून फ्रिजवर बघत आले होते, उघडली कधी नव्हती. माझा अंदाज होता की किराणा आणि दूध यांतच सगळं जात असेल. तर तसं नव्हतं. औषधं होती, माझ्या कल्पनेच्या दुप्पट. आहेर होते, लग्नसराईच्या महिन्यांत तर किराण्याच्या बरोबरीने. गणपतीची वर्गणी, खालच्या वॉचमनच्या मुलीच्या वह्या. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला, एकाही महिन्यात न चुकता, ‘वन्सं – २०००’. माझी आत्या. ती एकटी आहे हे मला माहीत होतं. तिला दर महिन्याला आमच्या घरातून पैसे जातात, आणि ते आई आठवणीने पाठवते, हे माहीत नव्हतं. बाबांनाही बहुधा कधी बोलून दाखवावं लागलं नसेल.

त्या ओळीपाशी माझं मत पक्कं झालं. भाडेकरू कितीही चांगला असला तरी घरमालकाच्या बहिणीला पैसे पाठवत नाही. मी जेवणाचे आणि खोलीचे पैसे मोजून दिले असते, तर त्यात आत्या कधीच आली नसती. घर म्हणजे नुसतं छप्पर आणि जेवण नाही, या घराने काही माणसांची जबाबदारी घेतलेली आहे, काही ठिकाणी शब्द दिलेला आहे. त्या सगळ्याचा माझा वाटा किती, हा प्रश्न मला भाड्यापेक्षा बरोबर वाटतो. महिन्याचा सगळा खर्च साधारण अठ्ठेचाळीस हजार निघाला. माणसं चार. म्हणून बारा.

याहून न्याय्य हिशेब असू शकतो. दोन भावंडांच्या पगारात मोठी तफावत असेल तर पगाराच्या प्रमाणात वाटा घ्यावा. पंधरा हजारांवर काम करून त्यातले तीन प्रवासात घालवणाऱ्या मुलाकडून काहीच घेऊ नये. त्याचा वाटा त्याने भाजी आणून आणि भांडी घासून द्यावा. भांडी मात्र पैसे देणाऱ्यालाही सुटू नयेत. आणि जे आईवडील मुलांचं एटीएम कार्डच आपल्याकडे ठेवतात, वही दाखवत नाहीत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. त्या घरात अजून पाकिटाचाच जमाना चालू आहे. वाटा देणाऱ्याला वही बघायला मिळाली पाहिजे, आणि कुठल्या खर्चाला नको म्हणायची सोय पाहिजे.

एक गोष्ट सांगितली की लोकांचे डोळे पाणावतात, ती मला आवडत नाही, हेही इथेच सांगते. आईवडील मुलीकडून दर महिन्याला पैसे घेतात, ती थोडी नाराज होते, आणि मग लग्नाच्या वेळी ते तिच्या हातात आरडीचं पासबुक ठेवतात: घे, तुझेच होते. त्या पासबुकामागचं प्रेम मला दिसतं. पण इतकी वर्षं आपण घर चालवतोय असं तिला वाटत होतं, ते खोटं होतं. तिला बचतीची शिस्त लावत होते. लहान मुलाला खोटं स्टिअरिंग देऊन मागच्या सीटवर बसवावं, तसं ते.

आता बाबांकडे येते. बारा हजार नको म्हणणाऱ्या माणसाने स्वार्थ सोडला, त्याला नावं कशी ठेवणार? मी खूप दिवस याच विचारात अडकले होते. निवृत्त माणसाकडे देण्यासारखं फार उरलेलं नसतं. मुलीला फुकट जेवूखाऊ घालणं, तिच्या पगाराला हात न लावणं, हा त्यांचा शेवटचा मोठेपणा असेल तर तो मी का हिरावून घ्यावा? शिवाय त्यांच्या मागे एक जुनी लाज उभी आहे. ‘मुलीच्या जिवावर जगतो’ हे वाक्य त्यांच्या पिढीतल्या पुरुषाला शिवीसारखं लागतं. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणारे बाप त्यांनी पाहिलेत.

हे सगळं मी मान्य केलं असतं, दादा नसता तर. दादाकडून घेताना बाबा लहान झाले नाहीत. उलट सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते सांगतात, ‘आता सगळं मुलगाच बघतो.’ म्हणजे घेण्यात कमीपणा आहे असं त्यांनाही वाटत नाही. एखाद्याकडून घेणं हा त्याचा मान असू शकतो, हे त्यांना चांगलं कळतं. तो मान त्यांनी एका मुलाला दिला आणि दुसरीला, अतिशय मायेने, दिला नाही. दादा घराचा आहे म्हणून त्याचे पैसे घरात लागतात. माझे ‘लग्नात उपयोगी पडतील’, म्हणजे ज्या घराचा अजून पत्ता नाही त्या घराच्या नावाने ते बाजूला ठेवायचे. परक्याचं धन हा शब्द आता आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. पण माझ्या पगाराला तो अजून लागू आहे.

कायदा या बाबतीत बाबांच्या पुष्कळ पुढे गेला आहे. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडे तिच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे, लग्न झालेल्या मुलीचीसुद्धा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला, आणि त्या दुरुस्तीत मुलाइतकेच हक्क आणि मुलाइतक्याच जबाबदाऱ्या असं दोन्ही लिहिलेलं आहे. आमचा फ्लॅट बाबांच्या स्वकमाईचा, त्याला ते कलम लागत नाही. पण बाबांनी न सांगता मृत्युपत्र करून निम्मं घर माझ्या नावे ठेवलं आहे. इतका सरळ माणूस. ते गेल्यावर निम्मं घर माझं, आणि ते असताना मला विजेचं बिलही भरता येत नाही.

मी हे त्यांना याच शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार.’ आईला विचारायची वेळ आलीच नाही, ती तिथेच होती. ‘माझ्याकडे देत जा,’ ती म्हणाली, ‘आणि रविवारचा स्वयंपाक तुम्ही दोघं भावंडं बघा.’ दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही हा सगळा कट मीच केला होता.

याला सात महिने झाले. मी दर एक तारखेला आईच्या खात्यात पैसे टाकते. रविवारी दादा आमटी करतो, ती आता खाण्यासारखी होते. पाच तारखेला आत्याला पैसे मी पाठवते, म्हणजे मोबाइलवर बटण मी दाबते आणि मग आई तिला फोन करते. गेल्या आठवड्यात आहेराचा आकडा बघायला मी वही उघडली. महिन्याअखेर जमेची बाजू बाबा लिहितात, सुवाच्य, तिरक्या अक्षरात. दादाच्या नावापुढे ‘घरखर्चास’ असं आहे. माझ्या नावापुढे सातही महिने ‘हातउसने’, आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने बेरीज: ८४,०००.